खूण सांग नि ने

खोडाळ्याच्या बाजारात मी कापडी छपराखाली भांड्यांचा पाल लावायचो, तेव्हा त्यात एक परात कायम पोचे आलेली असायची. गिऱ्हाईक ती उलटीपालटी करायचं नि म्हणायचं, शेट, ही जुनी दिसते. जुनी कुठली, गेल्याच आठवड्यात जव्हारच्या दुकानातून नवीकोरी आणलेली. पण चैतूबाबाचा हात पडला की नवी परात तासाभरात म्हातारी व्हायची. शेवटी मी कंटाळून एक परात त्याच्या नावानं बाजूलाच काढून ठेवली. म्हटलं, बडव बाबा, हीच बडव, बाकीच्यांना शिवू नकोस.

चैतूबाबा राहायचा सूर्यमाळच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यावर. चैत्रात जन्मला म्हणून चैतू. भात, नागली, चार कोंबड्या, दोन बैल एवढा पसारा. अंगानं काटकुळा, डोक्याला फडक्याची टापशी, छत्री मागे सदऱ्याच्या गळ्यात अडकवलेली. ऊन असो, पाऊस असो, छत्री तिथंच. पाऊस आला तर तो झाडाखाली उभा राहायचा, पण छत्री उघडायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, उघडली की मोडते.

त्याची ओळख होती ती राखणदार म्हणून. डोंगरात कुणाचं ढोर चुकलं, कुणाची शेळी वाट सोडून भलत्याच पाड्यावर गेली, की लोक ते जनावर चैतूबाबाच्या गोठ्यात आणून बांधायचे. त्याच्या बापाकडेही हेच होतं आणि आजाकडेही. तो जनावराला स्वतःच्या बैलांआधी चारा घालायचा, गळ्यात लोढणं अडकवायचा, म्हणजे पळताना पायात येणारा तो लाकडाचा ओंडका, आणि ज्या वारी जनावर आलं त्या वाराचं नाव त्याला द्यायचा. मंगळवारी आली ती मंगळी, सोमवारी आला तो सोम्या. त्याची बायकोही बुधवारची, म्हणून बुधीबाय. ती म्हणायची, मलाबी असंच कुणीतरी आणून बांधलंय ह्याच्या दारात, मालक अजून आला नाही.

मग बाजाराच्या दिवशी बाबा खोडाळ्याला यायचा, माझ्या पालासमोर उभा राहायचा, माझी परात उचलायचा आणि काठीनं बडवायला लागायचा. लोक गोळा झाले की हाकाटी करायचा. एक ढोर आलंय, काळं आहे, ज्याचं असेल त्यानं यावं, खूण सांग नि ने. एवढंच. शिंग कसं, कान कसा, कुठं डाग आहे, हे सांगायचं नाही. जनावर आलं की तो आधी ते सगळीकडून न्याहाळायचा आणि एक खूण मनात राखून ठेवायचा. ती फक्त बुधीबायला सांगायचा, तेही कानात. मालकानं ती खूण आपल्या तोंडानं सांगितली तरच दावं सुटायचं. मोबदल्यात पैसे घ्यायचा नाही. मिठाची एक पुडी घ्यायचा, तीही ढोरानं खाल्लेल्या मिठाची भरपाई म्हणून.

ह्या बाबतीत माणूस भलताच हेकट. एकदा खोडाळ्याचाच एक शेतकरी आपला बैल न्यायला गेला. रंग सांगितला, शिंगं सांगितली, वयही सांगितलं, पण राखलेली खूण काही त्याला सांगता येईना. बैल त्याचाच होता, सगळ्या गावाला ठाऊक. पण नुकताच विकत घेतलेला, त्याला तरी काय माहीत. बाबानं त्याला परत पाठवला. बिचारा दोन घाट चढून-उतरून बैलाच्या आधीच्या मालकाला बरोबर घेऊन आला, तेव्हा खूण निघाली आतल्या खुराजवळच्या जुन्या चट्ट्याची. मी बाबाला म्हटलं, अहो, तोंडाकडं बघून कळत नव्हतं का? तर म्हणाला, तोंडाकडं बघून द्यायला लागलो तर गोड तोंडाचे सगळे बैल घेऊन जातील. त्या दिवशी शेतकऱ्यानं मात्र त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि बाबानं त्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत ऐकून घेतल्या.

आता ती गाडी.

एका उन्हाळ्यात दोन माणसं पाड्यावर आली. सात माणसं बसतील अशी मोठी पांढरी गाडी घेऊन. बोलणं हिंदी, वागणं अदबीचं. म्हणाले, इंजिन तापलंय, दोन दिवस गाडी इथं सावलीला राहू दे, मिस्त्री घेऊन येतो. बाबाच्या खळ्यावर मोठं आंब्याचं झाड आहे, त्याच्याखाली त्यांनी गाडी लावली, वर ताडपत्री टाकली. पाहुणे म्हणून बुधीबायनं नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. दोघं पोटभर जेवले, हात जोडले आणि एका मोटरसायकलवाल्याला थांबवून निघून गेले.

दोन दिवस झाले, चार झाले. एक बाजार गेला, दुसरा गेला. कुणी येईना. बुधीबायची कुरकुर सुरू झाली. असलं कसलं ढोर, शेण नाही, दूध नाही, नुसती सावली अडवून बसलंय. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या ती गोष्ट वेगळी. बाबा मात्र विचारात पडला होता. त्याच्या हिशोबानं, ज्याचं जनावर असतं तो एवढे दिवस त्याला विसरत नाही. विसरला तर ते त्याचं नसतं. म्हणजे गाडी चुकलेली आहे. वाट चुकून आपल्या दारात आली आहे.

आणि मग त्या माणसानं काय केलं असेल? जे आजवर केलं तेच. गाडी शुक्रवारी आली होती म्हणून तिचं नाव शुक्री ठेवलं. काच नीट लागली नव्हती, त्यातून हात घालून दार उघडलं, आत-बाहेर सगळीकडून न्याहाळलं, एक खूण मनात राखली आणि बुधीबायच्या कानात सांगितली. पुढच्या चाकांच्या आतल्या दांडीला बैलाच्या साखळीनं सागाचं भलंमोठं लोढणं अडकवलं. ताडपत्री होतीच वरून. आणि बाजाराच्या दिवशी येऊन माझी परात बडवायला सुरुवात केली.

मला वाटलं, नेहमीचंच. मी चहा प्यायला निघालो होतो. तेवढ्यात ऐकलं, एक गाडी आलीय, पांढरी आहे, ज्याची असेल त्यानं यावं, खूण सांग नि ने. बाजारभर असं हसू फुटलं की विचारू नका. मिरच्या विकणारी बाई पोटाला हात लावून बसली. मीही हसलो, का खोटं बोलू? बाबा मात्र गंभीर. हसणाऱ्यांकडे बघत त्यानं दुसऱ्यांदा तीच हाकाटी केली, परात माझ्या हातात दिली आणि मीठ घेऊन घरी गेला. कसारा-खोडाळा जीप चालवणाऱ्या एका पोरानं ते सगळं मोबाईलवर घेतलं आणि आपल्या चालक मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं कुणास ठाऊक. संध्याकाळी जव्हारला घरी गेलो, तर माझ्या बायकोनंच मला दाखवलं. मागे माझा पाल दिसत होता, आणि मी चहाचा पेला घेऊन दात काढत उभा.

पुढचं मला बुधीबायनं सांगितलं. दोन दिवसांनी ते दोघं परत आले. चांगल्या उन्हात, दुपारी. मिस्त्री वगैरे कुणी नाही. म्हणाले, बाबा, गाडी न्यायला आलोय. बाबा म्हणाला, या, बसा, खूण सांगा. ते हसले. चावी दाखवली, बटण दाबलं, गाडीचे दिवे लुकलुकले आणि गाडी चिरकली. म्हणाले, बघ, ओळखते आम्हाला. बाबा म्हणाला, हाकेला तर कुणाचंबी ढोर येतं, मीठ दाखवलं की. खूण सांगा. मग त्यांचं गोड बोलणं संपलं. एकानं बाबाला ढकलून खळ्यावर बसवला, दुसऱ्यानं ताडपत्री ओढली, दोघं आत बसले आणि गाडी सुरू करून निघाले. खाली लोढणं आहे हे कुणी बघितलं नाही. गाडीखाली वाकून बघायची वेळ चोरावर कशाला येईल?

पाड्यावरून उतरणारी वाट म्हणजे नुसता दगडांचा उतार. पहिल्या वळणापर्यंत लोढणं खडखडत आलं, दुसऱ्या वळणाला एका जांभळीच्या बुंध्यात अडकलं आणि गाडी आडवी झाली. दोघं उतरून पळाले. एकजण रानातून निसटला तो निसटलाच. दुसऱ्याचा पाय मुरगळला होता. घसा कोरडा पडलेला, तो लंगडत खालच्या झऱ्यावर पोचला. उन्हाळ्यात त्या झऱ्यावर बायकांचे हंडे सकाळपासून रांगेत लागलेले असतात, वाटी वाटीनं पाणी भरतात. त्यानं पाणी मागितलं. बायकांनी सांगितलं, रांगेत बस. बसला बिचारा. त्याची पाळी येण्याआधी पोलीस आले. कारण ती चित्रफीत त्यांनीही पाहिली होती आणि ते पाड्याकडेच निघाले होते.

इथपर्यंत मला ही सगळी गंमत वाटत होती. मग पोलीस ठाण्यातून निरोप आला की तुम्हाला बोलावलंय, येताना परात घेऊन या.

बाजार बुडाला म्हणून मी चरफडतच गेलो. पण आत पाऊल टाकलं आणि बाबाला बाकावर बसलेला पाहिला, तेव्हा सगळा राग उतरला. छत्री गळ्यातच होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. पकडलेल्या त्या माणसानं पोलिसांना सरळ सांगितलं होतं की हा म्हातारा आमचाच माणूस, आमच्या गाड्या हाच लपवतो, त्याच्याच घरी जेवतो आम्ही. जेवले होतेच ना! ताडपत्रीही होती, गाडीही त्याच्याच खळ्यावर. फौजदारसाहेब तरी काय करणार?

साहेब वाईट नव्हते. तरुण होते, थकलेले होते. त्यांनी मला बसवून समजावलं. म्हणाले, ही साधी चोरी नाही. कल्याण, ठाणे, गुजरात, जिथून मिळेल तिथून मोठ्या गाड्या उचलतात. मग अशा आडबाजूच्या डोंगरात आणून काही दिवस थंड करतात. गाडीत माग काढणारं यंत्र असेल तर त्याच्या मागावर पोलीस येतात का बघतात. कुणी आलं नाही की नंबर बदलतात, चासीवरचा आकडा घासून दुसरा ठोकतात, आणि गाडी उत्तरेकडून सीमेपार जाते. तिकडं ती अर्ध्या किमतीत विकतात, कधी विकतही नाहीत, गाडीच्या बदल्यात गांजा-चरस घेतात, हत्यारं घेतात, आणि तो माल इकडं येतो. ज्याच्या खळ्यावर गाडी थंड होते, तो त्या साखळीतली पहिली कडी. म्हणून विचारावं लागतं.

बाबा सगळं ऐकत होता. म्हणाला, गाडी जाते नि गांजा येतो? साहेब म्हणाले, हो. बाबानं मान हलवली. त्याचा आजा सांगायचा, पूर्वी इकडची ढोरं चोरून डोंगरापलीकडं गुजरातेत विकायचे आणि तिकडून दारूचे डबे आणायचे. त्यासाठीच तर राखणदार लागायचा. मग मला म्हणाला, "शेट, माझ्या घरची भाकर खाल्ली त्यांनी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मी साहेबांना परात दाखवली. म्हटलं, हे पोचे बघा. चोराचा साथीदार भर बाजारात परात बडवून सांगतो का, माझ्याकडं चोरीची गाडी आहे म्हणून? साहेबांनी परात हातात घेतली, पोच्यांवरून बोट फिरवलं. म्हणाले, तेच कळत नाही. एक तर हा माणूस फार भोळा आहे, नाहीतर फार हुशार. आणि वर चिडले, की ह्यानं बोंब मारली नसती, गपचूप आमच्याकडं आला असता, तर दोघंही सापडले असते. बाबा म्हणाला, ढोर तुमचं नव्हतं साहेब. ज्याचं असेल त्यालाच हाक मारली. साहेबांनी विचारलं, बरं, ती खूण तरी काय आहे ती सांग. तर बाबानं साफ नकार दिला. तुम्हाला सांगितली तर ती खूण कसली राहिली? मी मनात म्हटलं, मेला आता हा म्हातारा.

साहेब आत गेले तेव्हा तो माझ्याकडे वळला. इतकी वर्षं त्याला पाहत होतो, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"आमच्या पाड्यावर पोलिसाची गाडी कधी आली नव्हती, शेट. आता माझ्या गोठ्यात कोण ढोर बांधील? चोराकडं कुणी राखण ठेवतं का?"

तुरुंगाची भीती त्याला नव्हती. गोठा रिकामा राहील ह्याची होती.

दुपारी कल्याणहून एक माणूस आला, विलास नावाचा. लग्नसराईत गाडी भाड्यानं चालवणारा. त्यालाही तीच चित्रफीत कुणीतरी पाठवली होती. मनात म्हणाला असेल, पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत, पण बघून तरी येऊ. गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती, लोढण्यासकट. तो धावत गेला, चावी लावली. चावी चालेना. चोरांनी गाडीला नव्या चावीची ओळख करून दिली होती, जुनी विसरायला लावली होती. पाटीवरचा नंबर वेगळा, कागदांवरचा वेगळा. चासीवरचा आकडा घासलेला. बिचाऱ्याकडं कागदांची जाडजूड पिशवी होती, पण त्यातला एकही कागद त्या गाडीचा आहे असं कुणी म्हणू शकलं नसतं. चोराच्या हाकेला येणारी गाडी, मालकाला ओळख देत नव्हती. विलास तिच्या बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

बाबा बाकावरून उठून दारात आला. म्हणाला, "खूण सांग."

विलासला कळेना. साहेबांनीच त्याला सांगितलं की गाडीबद्दल असं काही सांग, जे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसेल. त्यानं खूप विचार केला. मग म्हणाला, मधल्या सीटची पाठ खालच्या बाजूला फाटली होती. बायकोनं शिवली. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळ्या दोऱ्यानं. मी तिच्यावर चिडलोही होतो, की पांढऱ्यावर निळं कसं दिसतं.

बाबानं विचारलं, "गाठ कुठल्या अंगाला?"

"उजव्या. ती डावखुरी आहे, उलटीकडनं शिवते."

बाबानं मान डोलावली. म्हणाला, ने, तुझीच हाय. आणि मग साहेबांकडं वळून म्हणाला, आता तुम्ही बघा. साहेब स्वतः गाडीत शिरले, वाकून सीटमागं पाहिलं. बाहेर यायला त्यांनी बराच वेळ लावला. आल्यावर बाबाला खुर्ची दिली. पुढं घासलेल्या आकड्याची तपासणी झाली, कोर्टातून गाडी सुटली, ते सगळं रीतसर झालं. पण बाबाचं नाव त्यांनी तिथंच साक्षीदारांत लिहिलं. बाबानं फक्त आपलं लोढणं परत मागितलं. ते आम्ही माझ्या टेम्पोतून नेलं. विलासनं जाताना मिठाची गोणी आणून दिली. पुडी सांगितली होती, ह्यानं गोणी आणली. बुधीबाय खूश, बाबा नाराज.

पण पाड्यांवर बातमी पोचते ती अर्धीच पोचते. चैतूला पोलिसांनी नेला, एवढी पोचली. का सोडला, ती वाटेतच राहिली. पुढच्या बाजाराला बाबा आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मिरच्यांवाली सांगत होती, एक शेळी कधीची रानात फिरते आहे, पण कुणी तिला चैतूकडं नेत नाही, उगाच झंझट नको म्हणतात. मला ते ऐकून फार राग आला. त्या राखणदारानं ह्यांच्या बापजाद्यांची ढोरं सांभाळली आणि आता हे शेळी न्यायला घाबरतात. मी तिच्याशीच भांडलो, तिचा काही संबंध नसताना.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा बुधीबायला एक हंडा द्यायचा म्हणून मी सूर्यमाळला गेलो. हंडा निमित्त होतं, तिला हवा होता असं नाही. गोठ्यात फक्त त्याचे दोन बैल. बाबा ओट्यावर बसून दावी वळत होता. मला बघून हसला, पण ते काही त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं. पावसाचं बोलला, नागलीच्या रोपांचं बोलला. कशाला एवढी दावी वळता, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी हंडा ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक हवालदार वर येताना दिसला. घामानं निथळत होता, टोपी बगलेत, आणि हातातल्या दोरीला एक म्हशीचं रेडकू. रेडकू दर चार पावलांनी बसत होतं. बुधीबाय हातातलं टाकून दाराशी आली. बाबाचा दोर वळता हात थांबला. मला वाटलं, आता पुन्हा काय झालं.

हवालदार ओट्यापाशी टेकला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, हे मोखाड्याच्या रस्त्यावर भटकत होतं. कोंडवाड्याला दारच राहिलं नाही, ठाण्यात बांधायला जागा नाही. साहेबांनी सांगितलंय, चैतूबाबाकडं राखणीला दे, मालक सापडला की तिकडंच पाठवतो.

आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं बाहेर आली होती, सगळी बघत होती. बाबा उठला. रेडकाभोवती फिरला, पाठीवर हात फिरवला, कान उचलून पाहिले, मागच्या पायाशी वाकला आणि मग तसाच वाकलेला थांबला. मान वळवून त्यानं हवालदाराकडं पाहिलं.

"तू तोंड तिकडं कर," बाबा म्हणाला.

आणि हवालदारानं, पाण्याचा तांब्या हातात धरून, सगळ्या पाड्यासमोर तोंड डोंगराकडं केलं.